नाशिकची कॅबर्ने-शिराझ जेवणाशी कशी जुळवावी

नाशिकची कॅबर्ने-शिराझ, म्हणजे दोन जातींच्या द्राक्षांची मिश्र रेड वाईन, मी घरी पहिल्यांदा उघडली ती तांबड्या रश्श्याबरोबर. दुसऱ्याच घोटाला पाहुण्यांच्या कपाळावर घाम आणि सगळ्यांचे हात पाण्याच्या तांब्याकडे! वाईन चांगली होती, रस्साही झकास होता. फसली होती ती जोडी.

रेड वाईनमध्ये टॅनिन असतं. कोरा चहा जास्त उकळला की जीभ आवळते, तोच हा तुरटपणा. तिखटाच्या आगीत टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही तेल ओततात. उलट मटणाची चरबी, खोबरं, शेंगदाणे यांच्या संगतीत तो तुरटपणा मऊ होतो. पुढचं सगळं यावरच बेतलेलं.

बाटली निवडताना

या द्राक्षांच्या दोन जातींपैकी कॅबर्ने सोव्हिन्यों मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची, शिराझ तिथल्याच ऱ्होन खोऱ्यातली. पहिली वाईनला कणा देते, दुसरी गर आणि मसाला. लेबलवर ज्या जातीचं नाव आधी, तिचा वाटा बहुधा जास्त. नाशिककडे ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची वेलींची छाटणी) होते आणि द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. साधी बाटली असेल तर दोन-तीन वर्षांतली घ्या. ती मुरवत ठेवण्यात अर्थ नाही.

थंड करा, रेड असली तरी

'रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे युरोपातल्या गार खोल्यांना ठीक. आपल्याकडे एप्रिलमध्ये घरातच ३३-३४ अंश असतात, आणि अशी कोमट वाईन नुसती दारूसारखी झोंबते. हवेत १६ ते १८ अंश. उन्हाळ्यात बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत पंधरा मिनिटं. हाताला गारवा लागला, पण काचेवर घाम फुटला नाही, की काढा.

मटण सुकंच करा

कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजा. रंगासाठी बेडगी मिरची वापरा, लवंगी नकोच. काळा मसाला मात्र हात न आखडता घाला. शिराझच्या सालीत रोटंडोन नावाचं द्रव्य असतं आणि काळ्या मिरीचा वासही त्याचाच, त्यामुळे मिरी-लवंग-दगडफुलाच्या मसाल्याशी तिचं छान जमतं. मटण शिजलं की झाकण काढून पाणी आटवा. मसाला फोडींना चिकटून कडेला तेल सुटलं पाहिजे. सोबत ज्वारीची भाकरी. ठेचा ताटात वाढू नका, कुणी रुसलं तरी.

शाकाहारी घरात भरली वांगी. दाण्याचं कूट, तीळ आणि खोबरं तिथे चरबीचं काम करतात. गूळ मात्र चिमूटभरच, कारण जेवण गोड झालं की वाईन आंबट लागते.

माशाबरोबर ही बाटली उघडू नका. सुरमई असो की सुका जवळा, तोंडात लोखंडी चव रेंगाळते. त्या दिवशी शेनिन ब्लांसारखी पांढरी वाईन घ्या.

वाढताना

ग्लास तिसरा हिस्साच भरा, म्हणजे वास घ्यायला जागा राहते. एक घोट जेवणाआधी घ्या, दुसरा मटणाचा घास खाल्ल्यावर. तुरटपणा कमी झालेला जिभेला लगेच कळतो.

उरलेली वाईन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस टिकते. आमच्याकडे ती दुसऱ्या दिवशी खिमा-पावाबरोबरच संपते.