मध्य इलिनॉयमध्ये नवीन आलात? आधी पीटर कार्टराइट समजून घ्या, मग झाडं बघा

स्प्रिंगफील्ड, ब्लूमिंग्टन, पिओरिया या पट्ट्यात नोकरी लागली की शिकागोतले मित्र हमखास सांगतात, "तिथे मक्याशिवाय काही नाही." हे ऐकून आलेली आपली माणसं दोन-दोन वर्षं इथे पाहुण्यासारखी राहतात. शनिवार-रविवार शिकागोला पळतात आणि शेजाऱ्याचं नावही त्यांना माहीत नसतं. मला ते पटत नाही. इथे राहायचं तर इथली माणसं कशी आली, कशी टिकली, हे कळायला हवं. त्यासाठी पीटर कार्टराइट या इथल्या जुन्या ख्रिस्ती प्रचारकाची गोष्ट सांगते.

कागदपत्रांचं ऑफिसवाले सांगतील. थंडीचे बूट इथेच घ्या. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला टोर्नॅडोचा (चक्रीवादळाच्या इशाऱ्याचा) भोंगा वाजला तर ती चाचणी असते. एरवी कधीही वाजला तर मुलांना घेऊन थेट बेसमेंट गाठा.

आता कार्टराइटबद्दल. जन्म १७८५ चा, व्हर्जिनियातला. लहान असतानाच घरचे केंटकीत गेले. त्यांची लोगन काउंटी तेव्हा फरारी गुन्हेगारांचा अड्डा म्हणून बदनाम होती. पोरगा पत्ते आणि घोड्यांच्या शर्यतींत रमलेला. १८०१ मध्ये तो धर्माकडे वळला आणि लवकरच मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा फिरता प्रचारक झाला. घोडा, खोगिराच्या पिशवीत बायबल आणि भजनांचं पुस्तक, वर्षाचं मानधन फार तर ८० डॉलर, तेही क्वचितच पूर्ण हातात पडायचं. एक फेरी पुरी व्हायला आठवडे लागत. रात्र पडेल तिथल्या झोपडीत मुक्काम, जे ताटात येईल ते खायचं. शेजारी मैलामैलांवर. त्यामुळे वर्षातून एकदा रानात तंबू ठोकून भरणारी प्रार्थनासभा हाच मेळा, हीच बाजाराची बातमी, आणि लग्नं जुळायची जागाही तीच.

म्हणून शेजारीण कुकीज घेऊन आली आणि "कोणत्या चर्चला जाता?" म्हणाली, तर धसका घेऊ नका. आपल्याकडे नव्या भाडेकरूला "गाव कोणतं तुमचं?" विचारतात, तसंच हे. आपली मंडळी इथे दोन टोकं गाठतात: एकतर दार लावून घेतात, नाहीतर भिडेपोटी प्रत्येक रविवारी जाऊन बसतात. तुम्ही सरळ सांगा, "आम्ही हिंदू आहोत, पण जेवणाला नक्की येऊ." आणि खरंच जा. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, साबुदाण्याची खिचडी न्या. दाण्याचं कूट घातलं असेल तर भांड्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा, इथे दाण्याची अ‍ॅलर्जी पुष्कळांना असते. कोणी फारच मागे लागलं तर स्पष्ट नाही म्हणा. कार्टराइटही दुसऱ्या पंथांशी कडाकडा भांडायचा, इथल्या लोकांना रोखठोक बोलण्याचं वावडं नाही.

निवडणुकीच्या पाट्या बघूनही शेजारी पारखू नका. १८४६ मध्ये अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) निवडणुकीत अब्राहम लिंकनने कार्टराइटला हरवलं. १८५९ मध्ये कार्टराइटच्या नातवावर खुनाचा खटला चालला, तेव्हा बचावाला वकील म्हणून लिंकनच उभा राहिला. म्हाताऱ्याने साक्ष दिली, नातू सुटला.

कार्टराइट इलिनॉयला आला १८२४ मध्ये. गुलामगिरी असलेल्या राज्यात मुलं वाढवायची नाहीत आणि पुढे त्यांना जमीन मिळावी, ही कारणं. मुलांसाठी देश सोडलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. (ती जमीन मोकळी नव्हती, किकापू या मूळ रहिवाशांना ती १८१९ च्या करारात सोडावी लागली होती. हेही विसरू नये.) त्या प्रवासात एका रात्री त्यांनी झाडाखाली शेकोटी पेटवून मुक्काम केला. पहाटे तेच झाड कोसळलं ते झोपलेल्या मुलीच्या अंगावर. ती जागीच गेली. मृतदेह गाडीत घालून त्यांनी पुढे नेला आणि हॅमिल्टन काउंटीत पुरला.

हे वाचून माझ्या डोळ्यांसमोर ओळखीतलं एक कुटुंब येतं. नवीन घर घेतलं, मागच्या अंगणात उंच अ‍ॅशचं झाड. वादळात ते मुलांच्या खोलीवर पडलं. मुलं शाळेत होती म्हणून वाचली. झाड आधीच मेलेलं होतं आणि ते हटवलं नाही, असं म्हणून विमा कंपनीने हात वर केले. छपराचा सगळा खर्च अंगावर पडला. तरी दरवर्षी कोणीतरी किचन, गॅरेज, शाळेचं रेटिंग बघतं आणि झाडाकडे मान वर करून बघत नाही!

घर घेण्याआधी झाडं बघा. पुन्हा सांगते, झाडं बघा. होम इन्स्पेक्टर घर तपासतो, झाडांची तब्येत तपासणं सहसा त्याच्या कामात धरलेलं नसतं. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा झाड पोखरणारा किडा इलिनॉयमध्ये २००६ मध्ये सापडला, तेव्हापासून अ‍ॅशची झाडं उभ्या उभ्या मेली आहेत. शेंडा विरळ झालाय का, सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक भोकं आहेत का, ते बघा. सिल्व्हर मेपलचं लाकूडही ठिसूळ असतं, वाऱ्यात फांद्या तुटतात. प्रमाणपत्र असलेल्या आर्बरिस्टला (झाडांच्या तज्ज्ञाला) बोलवा, लेखी अहवाल घ्या आणि झाड पाडायचा खर्च घराच्या किमतीतून वजा करून मागा. झाड शेजाऱ्याच्या हद्दीत असेल तर सही करण्याआधी त्याच्याशी बोला. पाडायचा खर्च कोण देणार हे त्याच वेळी ठरवून, लिहून घ्या.