राजीनामा देताय? मग या चुका टाळा (पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं तारखांवर ठरतं)

चाकण-भोसरी पट्ट्यात पेरोल बघत बरीच वर्षं झाली. माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याची शेवटची फाईल माझ्यासारखीच्याच टेबलावर येते, आणि त्या फाईलमध्ये दर वेळी त्याच त्या चुका असतात. शिकलेले करतात, न शिकलेलेही करतात. नवीन ऑफर हातात आली की लोकांना इतकी घाई होते की मागे आपलं काय काय राहिलंय हे बघायचं भानच राहत नाही. म्हणून सगळं एकदा लिहून काढतेय. उदाहरणं खाजगी नोकरीतली आहेत, सरकारी नोकरीचे नियम वेगळे.

व्हॉट्सअ‍ॅपवर राजीनामा, किंवा तोही नाही

ही एक नंबरची चूक. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवसापासून माणूस गायब, नाहीतर सुपरवायझरला मेसेज, "सर उद्यापासून येत नाही". संपलं. आमच्याकडे एक पोरगा होता, मशीन शॉपला, हाताला चांगला, लातूरकडचा. घरी काहीतरी अडचण आली, गावी गेला आणि तिथूनच मेसेज टाकला. सुपरवायझरने "ओके" लिहिलं, पण एचआरला काही कळवलं नाही. मस्टरवर गैरहजेरी लागत गेली, मग कंपनीची पत्रं त्याच्या कायमच्या पत्त्यावर गेली, ती कोणी उघडली नाहीत आणि शेवटी रेकॉर्डला "अ‍ॅबस्कॉन्डिंग", म्हणजे न सांगता पळून गेलेला, असं पडलं. नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर जेवढे दिवस काम करायचं ठरलेलं असतं तो काळ) भरला नाही म्हणून त्याची वसुली लागली आणि फुल अँड फायनलची, म्हणजे शेवटच्या हिशोबाची, शीट मायनसमध्ये गेली, म्हणजे काम केलेले दिवस आणि शिल्लक रजा धरूनसुद्धा तोच कंपनीला देणं लागतो असं निघालं.

त्याला हे कळलं तेव्हा खूप उशीर झाला होता. मधे एका छोट्या कंपनीत काम केलं, तिथे कोणी काही विचारलं नाही, मग एका मोठ्या कंपनीची ऑफर आली आणि त्यांनी बॅकग्राउंड चेक लावला. आमच्याकडून उत्तर गेलं, अ‍ॅबस्कॉन्डिंग. ऑफर थांबली. तो धावत आला, म्हणाला मी मेसेज केला होता मॅडम, सरांनी ओके पण म्हटलं होतं. पण फोन बदललेला, जुनं चॅट गेलेलं, आणि सुपरवायझर तोपर्यंत स्वतःच नोकरी सोडून गेलेला. शेवटी पोराने नोटीसचे पैसे भरले तेव्हा रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीने सोडल्याचं पत्र, निघालं, पण ती ऑफर काही परत आली नाही. दोन ओळींचा मेल केला असता तर यातलं काहीच झालं नसतं, मला अजून वाईट वाटतं त्याचं.

मी सगळ्यांना एकच सांगते. राजीनामा मेलवर द्या, एचआर आणि साहेब दोघांना, आणि स्वतःच्या पर्सनल मेलवर कॉपी ठेवा, कारण ऑफिसचा आयडी शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो आणि सगळा पुरावा त्याच्यासोबत जातो. मेल आयडी नसेल, शॉप फ्लोअरवर असाल, तर कागदावर लिहा, दोन प्रती काढा आणि एकीवर इनवर्डचा (पत्र मिळाल्याचा) शिक्का मारून पोच घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. पत्रात तीन तारखा हव्यातच, आजची, नोटीस कधी सुरू होते ती, आणि शेवटचा कामाचा दिवस कोणता ती. बाकी "मला मिळालेल्या संधीबद्दल ऋणी आहे" वगैरे लिहायचं तर लिहा, नाही लिहिलं तरी चालतं.

आणि हे कंपन्यांनाही सांगायला हवं, माणूस न सांगता गेला तरी त्याने केलेल्या कामाचा पगार त्याचाच आहे. नोटीसची वसुली करारात असेल तर हिशोबात दाखवा, पण "पळून गेला ना, मग काहीच देऊ नका" असा नियम कुठेही नाही. पीएफ तर कंपनीचा नसतोच, तो अडवायचा प्रश्नच येत नाही.

रागाच्या भरात राजीनामा

मीटिंगमध्ये अपमान झाला, तिथल्या तिथे मेल टाकला, रात्री घरी डोकं शांत झालं. अशा वेळी लगेच, लेखी, राजीनामा मागे घेतोय म्हणून कळवा. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, वीसपेक्षा जास्त वर्षं नोकरी झालेला माणूस, २०१३ च्या डिसेंबरमध्ये राजीनामा दिला आणि काही महिन्यांनी मागे घेतला. रेल्वे म्हणाली आम्ही तो आधीच मंजूर केला होता. कोर्टाने २०२४ मध्ये सांगितलं की मंजुरीचं पत्र आतल्या आत फिरलं, त्या माणसाला कळवलंच नव्हतं, म्हणून राजीनामा पक्का झालाच नाही, आणि त्याला परत कामावर घ्यायला लावलं. पण या आशेवर मेल टाकू नका, त्यात त्या माणसाची दहा वर्षं गेली.

ग्रॅच्युइटीचा हिशोब सोडल्यावर करणं

याच्यावर मी कितीही बोलू शकते. लोकांना एवढंच माहीत असतं की पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, मिळते. बरोबर आहे, पर्मनंट माणसाला पाच वर्षं सलग लागतात. हिशोब असा, शेवटचा बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. म्हणजे बेसिक-डीए २६,००० असेल तर दर वर्षाचे १५,०००, पाच वर्षांचे ७५,०००. या हिशोबात सहा महिन्यांच्या वर गेलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, सात वर्षं सात महिने झाले तर आठ वर्षांचे पैसे.

घोळ इथेच होतो. लोक हा सहा महिन्यांचा नियम उलटा लावतात, साडेचार वर्षं झाली म्हणजे पाच धरतील. नाही धरत! तो नियम रक्कम काढायला आहे, पात्र व्हायला नाही. आधी पाच वर्षांचा उंबरठा ओलांडायचा, मग वर्षं मोजताना सहा महिन्यांची सूट.

भोसरीतला एक क्वालिटी सुपरवायझर, चार वर्षं सात महिने झालेले, बेसिक-डीए मघाशी सांगितलं तेवढंच, २६,०००. दुसरीकडे महिना ३,००० जास्त मिळत होते आणि त्यांना माणूस ताबडतोब हवा होता. याचा नोटीस पिरियड दोन महिने. नवीन कंपनी म्हणाली बायआऊट करतो, म्हणजे नोटीस न भरल्याचे पैसे आम्ही भरतो, तू सोमवारी ये. गडी खुश, कोणाला न विचारता गेला. हिशोब घ्यायला आला तेव्हा म्हणतो, ग्रॅच्युइटीची एन्ट्री राहिली वाटतं मॅडम. मी त्याला समोर बसवून कॅलेंडर दाखवलं. नोटीस पिरियड नोकरीतच मोजतात. तो दोन महिने तिथेच राबला असता तर चार वर्षं नऊ महिने झाले असते, म्हणजे पाचव्या वर्षात २४० दिवसांच्या वर. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण धरायचं असं मद्रास हायकोर्टाने १९९८ मध्ये मान्य केलंय, आणि त्या निकालावर बरेच लोक ग्रॅच्युइटी मागतात. याने बायआऊट घेतला आणि सात महिन्यांवरच गाडी थांबली. ७५,००० गेले. महिना ३,००० च्या वाढीतून ते भरून यायला पंचवीस महिने लागणार.

माझं स्वतःचं मत विचाराल तर २४० दिवसांच्या भरवशावरही राहू नका. सगळ्या कंपन्या ते सरळ मानत नाहीत, भांडावं लागतं. चार वर्षं झाली असतील तर पूर्ण पाच करूनच निघा. नवीन कंपनीला खरंच तुम्ही हवे असाल तर ती थोडं थांबते, आणि नाहीच थांबली तर जॉइनिंग बोनस मागा, एवढे पैसे मागे टाकून येतोय म्हणून. पाच झाली असतील तर सोडताना लेखी अर्ज द्या, तीस दिवसांत पैसे यायला हवेत, उशीर केला तर व्याजासकट. "राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी नसते" असं सांगणारे अकाउंटंट मी पाहिलेत, त्यांच्याशी वाद घालत बसू नका, सरळ अर्ज द्या. आणि फिक्स्ड टर्मवर असाल, म्हणजे करारात मुदत लिहिलेली असेल, तर नवीन लेबर कोडनुसार (नव्या कामगार कायद्यांनुसार) एक वर्षावरसुद्धा प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

"हिशोब पंचेचाळीस दिवसांनी" ऐकून गप्प बसणं

वर्षानुवर्षं सगळ्या एचआरचं हे पाठ केलेलं वाक्य आहे. आधी कायद्यात दोन दिवसांची मुदत कंपनीने काढलेल्या माणसासाठी होती, स्वतः सोडणाऱ्याला लोंबकळत ठेवायचे. चार लेबर कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले आणि त्यातल्या वेतन संहितेत राजीनामा देणाऱ्यालाही दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असं स्पष्ट आलंय. ग्रॅच्युइटीचे तीस दिवस वेगळे. तेव्हा शेवटच्या दिवसाच्या आधीच हिशोबाची शीट मागा आणि प्रत्येक ओळ बघा, पगाराचे दिवस, ओव्हरटाइम, शिल्लक रजा, इन्सेन्टिव्ह, कपाती. नोटीसची वसुली बेसिकवर की ग्रॉसवर (भत्त्यांसकट एकूण पगारावर) हे अपॉइंटमेंट लेटरमध्ये वाचा. त्या वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावला असेल तर काढायला सांगा, नोटीस पेवर जीएसटी नाही हे ३ ऑगस्ट २०२२ च्या सर्क्युलरमध्येच आहे. आणि बोनस! वर्षात तीस दिवस काम केलेलं असेल आणि बोनसच्या पगार मर्यादेत बसत असाल तर मधेच सोडलं तरी त्या वर्षाचा बोनस प्रमाणात मिळतो, किमान ८.३३ टक्के. दिवाळीला फोन करून मागा, लाजू नका.

पीएफ काढून मोकळं होणं

दोन नोकऱ्यांच्या मधे पीएफ काढायचा आणि गाडी किंवा फोन घ्यायचा, ही सवय मला अजिबात पटत नाही. एकूण नोकरी पाच वर्षांच्या आत असेल आणि रक्कम ५०,००० च्या वर असेल तर टीडीएस, म्हणजे टॅक्स, आधीच कापतात. त्याहून मोठं नुकसान पीएफला जोडलेल्या पेन्शनचं. पेन्शनला दहा वर्षं लागतात, आणि फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे काढले की मागची वर्षं पुसली जातात. मग पंधरा वर्षं तीन कंपन्यांत काम करून पेन्शन शून्य. नवीन ठिकाणी जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या, ट्रान्सफर करा, पासबुकात पैसे आले का बघा.

जुनी कंपनी पीएफच्या रेकॉर्डला डेट ऑफ एग्झिट (नोकरी सोडल्याची तारीख) टाकत नसेल तर हात जोडत फिरू नका. शेवटचं काँट्रिब्युशन गेल्यानंतर दोन महिने झाले की पीएफच्या पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एग्झिट' येतं, आधारच्या ओटीपीने स्वतः टाकता येतं. फक्त तारीख रिलीव्हिंग लेटरवर आहे तीच टाका, अंदाजाने टाकलेली तारीख नवीन जॉइनिंगवर चढली की पुढे ट्रान्सफर अडकतो.

"वैयक्तिक कारणास्तव" लिहून देणं, जेव्हा कारण वैयक्तिक नसतं

कंपनी माणसं कमी करतेय, तुम्हाला केबिनमध्ये बोलावून म्हणतात राजीनामा दे नाहीतर टर्मिनेट करू, रेकॉर्ड खराब होईल. तिथल्या तिथे सही करू नका, घरी विचार करून सांगतो म्हणा आणि काय बोलणं झालं ते त्याच दिवशी मेलवर लिहा. वर्कर वर्गातल्या माणसाला कपातीत काढलं तर नोटीस आणि दर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई असते, राजीनामा दिला की ते सगळं तुम्हीच सोडून दिलं असं होतं. गरोदर बाईला असं सुचवत असतील तर अजिबात ऐकू नका. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर २६ आठवड्यांची पगारी रजा तिचा हक्क आहे.

बाँडला घाबरून बसणं, किंवा न वाचताच सोडणं

बाँड म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडणार नाही, सोडलं तर पैसे भरीन असा करार. दोन्ही चूकच. सोडल्यानंतर दोन वर्षं कॉम्पिटिटरकडे जायचं नाही असली अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही. पण कराराच्या मुदतीच्या आतली अट टिकू शकते. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला माणूस पाच वर्षांचा करार मधेच सोडून दुसऱ्या रेयॉन कंपनीत गेला, सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. आणि २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायचा बाँडही योग्य ठरवला. तेव्हा रक्कम किती, ट्रेनिंगवर खरंच खर्च झाला का, मुदत कधी संपते, हे बघून मगच तारीख ठरवा. ओरिजिनल मार्कशीट मात्र कोणालाही ठेवून घेऊ देऊ नका.

बाकीच्या लहान पण नडणाऱ्या

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम (आरोग्य विमा) शेवटच्या दिवशी संपतो, घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधी ते बघा.

लॅपटॉप, सिम, आयडी कार्ड परत केल्याची सही घ्या, नाहीतर नंतर चार्जरचेसुद्धा पैसे कापतात.

त्याच वर्षातला जुन्या कंपनीचा पगार नवीन कंपनीला सांगा, लपवलात तर दोन्हीकडे सूट धरली जाते आणि रिटर्न भरताना एकदम टॅक्स भरावा लागतो.

नवीन कंपनी बायआऊट देणार असेल तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, फोनवरचं नाही.

पैसे अडकलेच तर

आधी एचआरला मेल, रक्कम आणि तारीख लिहून, सात दिवसांची मुदत देऊन. पीएफचं असेल तर ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तक्रार पोर्टलवर टाका, तिथे कंपनीला उत्तर द्यावं लागतं. पगाराचं असेल तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जा, अपॉइंटमेंट लेटर, शेवटच्या तीन पगार स्लिपा, राजीनाम्याची पोच आणि बँक स्टेटमेंट घेऊन. वेतन संहितेखाली दावा करायला तीन वर्षं असतात, आणि अडवलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावता येते. बरेचदा मेलमध्ये हे एक वाक्य लिहिलं तरी पैसे येतात, मी आमच्याच अकाउंट्सला असे मेल वाचून त्याच दिवशी चेक काढताना बघितलंय. फक्त शिवीगाळ करू नका त्यात, तारखा आणि आकडे लिहा, एवढंच पुरतं.