महाडला एका दिवसात जाताना रायगड वेगळा ठेवा
रविवारी महाडला जाऊन संध्याकाळी परतायचं असेल, तर त्याच दिवशी रायगडही उरकायचा मोह टाळा. गड अख्खा दिवस मागतो आणि मग महाड नुसतं चहापुरतं उरतं. ऊन चढायच्या आत मुंबई-गोवा महामार्गालगतच्या गांधारपाले लेण्यांच्या पायऱ्या चढा. वरून नदीखोरं सुरेख दिसतं. मग गावात चवदार तळं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच पाणी ओंजळीत घेतलं. इथे घाईने फोटो काढून निघू नका, काठावर थोडं बसाच. दरवर्षी त्या तारखेला मात्र मोठी गर्दी असते. रेल्वेने येणाऱ्यांनी वीर स्टेशनला उतरावं. भर पावसाळ्यात सावित्रीला पूर येतो, त्यामुळे बेत दिवाळीनंतरचाच आखा.