फिल्टरवाल्याला आणि बोअरवाल्याला बोलावण्याआधीची तयारी

फोन लावायच्या आधी आठवडाभर वही घेऊन नुसतं पाण्याकडे बघा. हसू येईल, पण निम्मं काम इथेच उरकतं. बादलीच्या तळाला तांबूस डाग पडतोय का, तोटीवर पांढरी पुटं चढतायत का, साबणाला फेस धरत नाही का, कुजक्या अंड्यासारखा वास येतोय का, हे तारखेसकट लिहून काढा. वास येत असेल तर तो गार पाण्यालाही आहे की फक्त गीझरच्या, हे मुद्दाम हुंगून पाहा. फक्त गरम पाण्यालाच असेल, तर दोष बहुधा विहिरीचा नसतो. गीझरच्या टाकीत गंज टाळण्यासाठी मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते, तिच्यामुळे हा वास धरतो. ही एक ओळ वहीत नसली, तर सगळ्या घराला पुरेल असा फिल्टर तुमच्या गळ्यात पडू शकतो आणि वास जागच्या जागी राहतो.

तांबूस पाण्याचंही तसंच. काचेचा पेला भरून ओट्यावर तासभर ठेवा. भरताना नितळ होतं आणि नंतर पिवळट-तांबूस झालं, तर लोह पाण्यात विरघळलेलं आहे आणि हवा लागल्यावर बाहेर पडतंय. नळातूनच तांबडं आलं, तर लोह आधीच गंजून कणांच्या रूपात आहे, किंवा तुमची पाइपलाइनच गंजली आहे. दोन्हींचा इलाज वेगळा. पाऊस पडला की पाणी गढूळ होत असेल, तर त्यापुढे मोठी खूण करा. वरचं पाणी विहिरीत किंवा केसिंगच्या (बोअरच्या कडेला आधाराला बसवलेल्या पाइपाच्या) बाजूने थेट आत उतरतंय, असा त्याचा अर्थ. तिथे आधी विहिरीचं तोंड आणि केसिंग नीट करणारा माणूस हवा, फिल्टर विकणारा नंतर.

मग पाणी तपासून घ्या, आणि तेही यंत्र विकणाऱ्याकडून फुकट नव्हे, स्वतंत्र प्रयोगशाळेतून. बाटल्या प्रयोगशाळेच्याच आणा. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक असते आणि तिच्या तळाशी बऱ्याचदा चिमूटभर पांढरी पूड दिसते. ती घाण समजून धुऊन टाकू नका. ते सोडियम थायोसल्फेट, पाण्यातला क्लोरीन तिथल्या तिथे मारण्यासाठी घातलेलं. नमुना घेताना तोटीची जाळी काढा, तोंड स्वच्छ पुसा, पाणी काही मिनिटं वाहू द्या, मग बाटली भरा. झाकण हातातच धरा, ओट्यावर उपडं-सुलटं कसंही टेकवू नका, आत बोट लावू नका. बाटली बर्फाच्या डब्यात घालून २४ तासांच्या आत पोचवा.

तपासायचं काय? ई-कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू), नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक, लोह, मँगनीज, कठीणपणा, पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण). जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवा: १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय शून्य, आणि लिटरमागे आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम, फ्लोराइड १.५, नायट्रेट ५०. तुमच्याकडचा कायदा याहून कडक असेल तर तो पाळा. नायट्रेटच्या आकड्यात एक खोच आहे. काही अहवाल तो नायट्रोजनच्या रूपात देतात आणि तेव्हा ५० ची मर्यादा साधारण ११ होते. अहवालावर २० दिसलं तर हायसं वाटण्याआधी एकक वाचा. घरात तान्हं मूल असेल तर हे विशेष जपायचं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. वाफ उडून गेल्यावर उलट थोडं वाढतंच.

आता विहिरीची कागदपत्रं. बोअर किती खोल, केसिंग किती फुटांपर्यंत, पाणी कुठे लागलं, पंप किती फुटांवर सोडलाय, किती हॉर्सपॉवरचा, शेवटचा कधी वर काढला होता. कागद हरवला असेल तर बोअर मारणाऱ्याकडे नोंद असू शकते, विचारून पाहा. सेप्टिक टँक विहिरीपासून किती पावलांवर आहे तेही मोजा. शिवाय टाकीचा नळ पूर्ण उघडून वीस लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते लिहा. लोहाच्या फिल्टरला उलट्या धारेने धुवावं लागतं, आणि तेवढी धारच नसेल तर ते यंत्र महिन्याभरात गाळाने बसतं.

पंपवाल्याच्या बाबतीत माझी परीक्षा एकच. पाणी बंद झालं म्हटल्यावर तो आधी काय हातात घेतो? ‘मोटर जळली, काढावी लागेल’ हे वाक्य दारातच म्हणणाऱ्याला मी दारातूनच निरोप देतो. जाणकार माणूस आधी बोर्डाशी जातो. व्होल्टेज बघतो, स्टार्टर आणि कपॅसिटर तपासतो, चिमटा-मीटर वायरीला लावून मोटर किती अँपिअर खेचते ते पाहतो, केबलचं इन्सुलेशन मोजतो. हे सगळं पंप बोअरमध्ये असतानाच होतं. पंप सारखा चालू-बंद होत असेल तर प्रेशर टँकची हवा बघतो. आणि पाण्याची पातळीच खाली गेली असेल तर ती मोजून सांगतो, कारण आटलेल्या बोअरमध्ये जास्त ताकदीचा पंप सोडला की तो फक्त लवकर कोरडा चालतो.

फिल्टरवाल्याची परीक्षा जरा नाटकी असते, कारण नाटक तोच घेऊन येतो. माझ्याकडे आलेल्याने ओट्यावर दोन पेले मांडले, एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेलं यंत्र बुडवून बटण दाबलं. मिनिटभरात आमच्या पेल्यात तपकिरी-हिरवट गाळ उकळून वर आला. त्याचा पेला तसाच चकाकत राहिला. घरातल्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. मी त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, पुन्हा दाबा. आता तोही तपकिरी झाला. तो गाळ पाण्यातला नसतोच. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, कांडीचं लोखंड झिजतं आणि तेच गंज होऊन तरंगतं. आरओच्या पाण्यातून वीज जेमतेम वाहते म्हणून कांडी शाबूत राहते, इतकंच. तेव्हा पाहुणा यायच्या दिवशी मिठाची वाटी ओट्यावर हाताशी असू द्या.

टीडीएसच्या पेनाचीही तीच कथा. ते पाण्याची वीजवाहकता मोजून आकडा दाखवतं. जंतू त्याला दिसत नाहीत. त्याचा सर्वांत छोटा टप्पा लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि आर्सेनिकची मर्यादा ०.०१. म्हणजे मर्यादेच्या शंभरपट आर्सेनिक असलं तरी पेनावरचा आकडा जेमतेम एकाने हलेल.

फोनवर तुम्ही काय विचारता यापेक्षा समोरचा काय विचारतो ते टिपा. ‘अहवाल पाठवा, बोअर किती खोल, घरात माणसं किती’ असं विचारणारे दोन-तीन जण निवडा. अहवाल न बघता मॉडेलचं नाव सांगणारे गाळा. प्रमाणपत्राचं बोलणं निघालं तर नुसत्या शिक्क्यावर समाधान मानू नका. एनएसएफ या अमेरिकी संस्थेच्या मानकांत ४२ हे चव-वास-क्लोरीनसाठी, ५३ आरोग्याला घातक घटकांसाठी, ५५ यूव्हीसाठी (जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांच्या दिव्यासाठी) आणि ५८ आरओसाठी. पण ५३ असलं तरी कोणत्या घटकासाठी, हे पाहावंच लागतं. शिसं काढणारा फिल्टर आर्सेनिक काढेलच असं नाही. मॉडेलचा नंबर घ्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या यादीत स्वतः शोधा.

अहवालात जंतू निघाले आणि समोरच्याने लगेच यूव्हीचा दिवा काढला, तर थांबवा. आधी विहिरीचं झाकण, केसिंग, भेगा बघायच्या, मग विहीर आणि पाइपलाइन क्लोरीनने निर्जंतुक करायची, क्लोरीन पूर्ण निघून गेल्यावर पुन्हा नमुना द्यायचा. तरीही जंतू परतले, तर यूव्ही. आणि तोही गाळ, लोह काढून झाल्यावर शेवटी बसवायचा, कारण गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आडोशाला लपतात आणि लोहाने दिव्याची काचनळी मळते.

कोटेशन लेखीच घ्या. त्यात यंत्राच्या किमतीच्या शेजारी वर्षाचा खर्च हवा: कँडल, कार्बन, मेंब्रेन, दिवा, सॉफ्टनरचं मीठ. कार्ट्रिज बाजारात कुठेही मिळणाऱ्या मापाची आहे की फक्त त्यांच्याकडेच मिळते, हे नक्की विचारा. बरेच जण यंत्र स्वस्त देतात आणि पैसे इथे काढतात. साध्या घरगुती आरओत लिटरभर पाण्यामागे तीनेक लिटर वाया जातं, म्हणून तो पिण्याच्या नळापुरता ठेवा आणि वाया जाणारं पाणी कुठे सोडणार ते कागदावर मागा. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. कठीणपणा लिटरला १०० मिलिग्रॅम असेल तर सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. रक्तदाबामुळे कुणाला मीठ कमी करायला सांगितलं असेल, तर पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच फोडून घ्या. देखभाल कराराचं फार काही नाही. दुरुस्तीला कोण येणार आणि किती दिवसांत, एवढं त्यात लिहिलेलं असलं की पुरे.

बसवायच्या दिवशी यंत्राच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन छोट्या तोट्या लावायला सांगा. नमुना घ्यायला त्या लागतातच, आणि बसवून झाल्यावर कुणी लावत नाही. दोन आठवड्यांनी दोन्हीकडचं पाणी त्याच प्रयोगशाळेत पाठवा. शेवटचा हप्ता तो अहवाल आल्यावर द्यायचा, हे कोटेशनवरच लिहून घ्या. यूव्हीचा दिवा साधारण ९००० तासांचा, म्हणजे सतत चालू असेल तर वर्षभराचा. त्यानंतरही तो निळा दिसत राहतो, फक्त जंतू मारायची ताकद उतरलेली असते. म्हणून माणूस निघायच्या आत मार्करने यंत्राच्या अंगावर आजची तारीख टाका आणि खाली पुढच्या वर्षीची.