जुनी गाडी पाणी खातेय? हेड उघडण्याआधी हे तपासा

जुन्या गाडीचा टेंपरेचरचा काटा वर जायला लागला की सल्लागारांची कमतरता नसते. एक म्हणतो, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा वॉल्व्ह, काढून फेका, आपल्या हवेत तो लागतो कुठे. दुसरा रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकायला सांगतो. तिसरा बॉनेट वर केल्या केल्या हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेल्याचं जाहीर करतो. थर्मोस्टॅट काढल्याने मूळ दोष झाकला जातो, हळदीने रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात आणि तिसऱ्याच्या सल्ल्याने तुमचा खिसा रिकामा होतो.

इथे मी मारुती ८००, झेन, पहिली सँट्रो अशा जुन्या पेट्रोल गाड्या धरून लिहितोय. बोलेरो-सुमोवाल्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं. फक्त पंखा बेल्टवर फिरणारा असेल तर पंख्याच्या वायरिंगचा भाग सोडून द्या आणि बेल्टचा ताण बघा.

गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप उघडायची नाही. वरचा होज, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर जोडणारी वरची जाड रबरी नळी, हाताने सहज दाबता येईपर्यंत थांबा.

आधी गाडी नेमकी कधी तापते ते लिहून काढा. सिग्नलला उभी असताना तापते आणि रस्ता मोकळा झाला की काटा खाली येतो, तर पंखा. हायवेला ऐंशीच्या पुढे तापते, गावात ठीक असते, तर रेडिएटर चोंदलाय, वॉटर पंप नीट ढकलत नाही किंवा खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होतोय. फक्त खंबाटकी किंवा कसारा चढताना तापते, तर पाणी थोडं कमी असणं, रेडिएटर थोडा चोंदलेला असणं अशा लहानसहान गोष्टी घाटात एकत्र आल्यात. आणि काटा जागेवरच आहे, तरी पाणी मात्र कमी होतंय, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पाणी थंड इंजिनवर आणि रेडिएटरची कॅप उघडूनच बघा. रेडिएटरला नळीने जोडलेल्या प्लास्टिकच्या बॉटलवर नुसता विश्वास ठेवू नका. बॉटल भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, हे जुन्या गाडीत नेहमीचं आहे. गरम झाल्यावर पाणी बॉटलमध्ये जातं आणि थंड होताना कॅपमधल्या छोट्या वॉल्व्हमधून परत ओढलं जातं. तो वॉल्व्ह अडकला किंवा बॉटलच्या रबरी नळीला चीर गेली की पाण्याऐवजी हवा आत येते. थंड झाल्यावर वरचा होज पोट आत गेल्यासारखा दिसला, तर बहुधा वॉल्व्ह अडकलाय.

कॅप म्हणजे कुकरची शिट्टी. तिच्यावर ०.९ असा आकडा असतो, तो दाबाचा. एवढ्या दाबाखाली साधं पाणी साधारण ११८ अंशांना उकळतं. कॅपचं रबर कडक झालं की हा दाब टिकत नाही आणि पाणी शंभराच्या आसपासच उकळून बॉटलमधून बाहेर पडतं. महाबळेश्वर १,३०० मीटरहून उंच आहे, तिथे उघडं पाणी ९५ च्या आसपासच उकळतं. वर पोचल्यावरच गाडी का ओकते, याचं कोडं बऱ्याचदा इथेच सुटतं. शंका असेल तर कॅप बदलून टाका, त्याच आकड्याची. जास्त आकड्याची लावून जुने होज फोडून घेऊ नका.

मग गळती. जमिनीवर थेंब नाही म्हणून गळती नाही, असं समजू नका. बारीक गळतीचं पाणी गरम इंजिनवरच वाळून जातं आणि मागे हिरवट, गुलाबी किंवा पांढरा डाग राहतो. तो डाग शोधा. रेडिएटरची प्लास्टिक टाकी जिथे ॲल्युमिनियमला दाबून बसवलेली असते ती कड, वॉटर पंपाखालचं बारीक भोक, ब्लॉकच्या भोकांवर ठोकलेल्या पत्र्याच्या गंजलेल्या टोप्या (डमी), होजचे क्लॅम्प, एवढ्या जागा बॅटरीच्या उजेडात बघून घ्या. आत पायाखालचं कार्पेट ओलं असेल किंवा काचेवर आतून गोडसर वासाचं तेलकट धुकं येत असेल, तर हीटरचा रेडिएटर गेला. काही क्लॅम्प फक्त थंडीत गळतात आणि इंजिन तापल्यावर फुगून बंद होतात, म्हणून रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. तरीही सापडलं नाही, तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर लावून घ्या: थंड इंजिन, कॅपच्या आकड्याएवढा दाब, पंधरा मिनिटं. टेस्टरचा काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर पाणी इंजिनाच्या आत जातंय.

आता मुख्य गोष्ट, जिने मला बराच काळ छळलं: बुडबुडे. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले की मेकॅनिक हेड उघडायला निघतो. पण नुकतंच पाणी बदललेल्या गाडीत बुडबुडे येणारच. सिस्टिममध्ये अडकलेली हवा बाहेर पडत असते. खालच्या होजचा क्लॅम्प ढिला असेल किंवा पंपाचं सील खराब असेल, तर पंप बाहेरून हवा ओढतो, तेही बुडबुडेच. म्हणून हवा पूर्ण काढल्याशिवाय बुडबुड्यांवरून कुठलाही निष्कर्ष काढू देऊ नका. मेकॅनिक कितीही जुना असो.

हवा काढायची ती अशी. गाडीचं नाक चढावर ठेवा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच राहील. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. नाहीतर बऱ्याच गाड्यांमध्ये हीटरच्या नळीत हवा तशीच अडकून राहते. हळूहळू ओता, मधे मधे वरचा होज दाबत राहा. घाईने ओतलं की वर भरलेलं दिसतं आणि आत पोकळी राहते. मग कॅप उघडी ठेवून इंजिन आयडलला सोडा. थर्मोस्टॅट ८२ किंवा ८८ अंशांना उघडतो. त्या क्षणी पातळी एकदम खाली जाते आणि होज पटकन गरम होतो. तिथे अनेकजण घाबरतात. घाबरायचं नाही, भरायचं. पाणी तोंडाशी येऊन उसळायला लागलं तर कॅप लावून टाका. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. मग गाडी पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा भरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा. ही सकाळची भर टाळली तर आधीची सगळी मेहनत वाया.

हे झाल्यावर हेड गॅस्केटची परीक्षा. रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर कॅप लावून गाडी चालू करा आणि वरचा होज हातात धरा. मिनिट-दोन मिनिटांत, होज अजून गारच असताना, तो टणक झाला तर गॅस्केट किंवा हेडमध्ये दोष आहे. पाणी तापलेलंच नाही, तर दाब येईल कुठून? सिलिंडरमधूनच. दुसरी परीक्षा: पंप बाहेरच्या बेल्टवर असेल तर बेल्ट काढून, कॅप उघडी ठेवून इंजिन जेमतेम मिनिटभर चालवा. आता पंप हवा ओढू शकत नाही. तरीही बुडबुडे सलग आले आणि रेस दिल्यावर वाढले, तर शंका पक्की. शेवटचा पुरावा निळ्या द्रवाच्या टेस्टरचा. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली आणि द्रव पिवळा झाला, तर जळलेला वायू पाण्यात येतोय. द्रवात कूलंट ओढलं गेलं तर निकाल रद्द धरा, म्हणून आधी रेडिएटरमधलं थोडं पाणी काढा.

ऑइलच्या झाकणाखाली मलई दिसली म्हणून हेड उघडणारेही भेटतील. कोकणात पावसाळ्यात, रोज बाजारापर्यंतच जाणाऱ्या गाडीत ती बाष्पानेही जमते. डिपस्टिक बघा. तिथलं ऑइलही चहासारखं फिकट झालं असेल तरच काळजी. थंडीत सकाळचा पांढरा धूर इंजिन तापल्यावर गेला, तर त्याचाही अर्थ काही नाही.

पंखा: दोन पिनांच्या फॅन स्विचचं सॉकेट काढून वायरी जोडा, फिरला तर मोटर ठीक, स्विच बदला. मोटर दुरुस्त होऊन आली असेल तर रेडिएटरसमोर कागद धरा. तो आत ओढला गेला पाहिजे; वायरी उलट जोडल्या की पंखा उलटा फिरतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

थर्मोस्टॅट गरम पाण्यात थर्मामीटरबरोबर टाकून बघा. उघडत नसेल तर नवा लावा. काढून टाकू नका! काही इंजिनांत तोच बायपासचा रस्ता बंद करतो. तो नसला की बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी जास्तच तापते. बाकीच्यांत इंजिन हायवेला थंडच राहतं आणि पेट्रोल जास्त खातं.

रेडिएटर चोंदण्याचं कारण बहुतेक बोअरचं पाणी. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करता येतं, प्लास्टिक टाकीवाला सरळ बदला. पुढे अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी.

आणि हेड खरंच उघडावं लागलं, तर नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं, त्यामुळे फेसिंगवाल्याकडे, म्हणजे हेड घासून सपाट करणाऱ्याकडे, पट्टी लावून सपाटी आणि दाबाखाली तडे तपासून घ्या. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही तपासायला सांगा. बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच, आवळले जाताहेत का, ते शेजारी उभं राहून बघा.