छापखान्याच्या जुन्या फाइलींसाठी नव्या लॅपटॉपवर विंडोज ७

गिरगाव ते परळ या पट्ट्यातल्या छोट्या छापखान्यांचे संगणक मी सांभाळते. लग्नपत्रिका, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, पतपेढ्यांचे अहवाल असं तिथलं काम, आणि त्यातलं बरंचसं अजूनही पेजमेकर ७ मध्येच चालतं. हे सॉफ्टवेअर २००१ साली आलं. त्याला युनिकोड, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत, कळत नाही, म्हणून मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बसवलेला असतो, आणि तो फॉन्ट चालवणारं टायपिंगचं सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉक (पोर्टला लावायची, परवाना तपासणारी छोटी किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही. जुना पीसी बसला आणि नवा लॅपटॉप आणला की सगळं अडतं. ‘फाइली युनिकोडमध्ये करून घ्या’ हा सल्ला बरोबर आहे, नव्या कामासाठी मीही तोच देते. पण बदलताना जोडाक्षरं फुटतात, ओळी सरकतात, आणि गिऱ्हाईक समोर उभं राहून सांगत असतं, ‘थोरलीच्या लग्नात केली होतीत तशीच हवी.’ तेव्हा जुनी फाइल आहे तशी उघडणं हाच एक मार्ग उरतो.

विंडोज ७ कशाला, याचं उत्तर लॉकच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे विंडोजला ते लॉक ओळखायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आहे. जुन्या लॉकचे ड्रायव्हर ३२ बिटचे असतात आणि ६४ बिटचं विंडोज ते घेत नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती आहे, आणि माझं म्हणणं असं की आधी तीच लावून बघा. नव्या लॅपटॉपवर लिगसी बूट, म्हणजे सुरू होण्याची जुनी पद्धत, असेल तर ती ७ पेक्षा खूपच कमी त्रासात बसते. लॉक तिथेही ओळखलं गेलं नाही, तरच ७ कडे वळा. दोन्हींचा आधार आता संपलेला आहे: विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला.

आता लॅपटॉपच्या प्रोसेसरचा नंबर बघा. सगळं काम इथेच ठरतं, पुढचे कष्ट वाया जाणार की नाही ते याच नंबरवरून कळतं. आय फाइव्ह ६२००यू म्हणजे सहावी पिढी, ८२५०यू म्हणजे आठवी, १०२१०यू म्हणजे दहावी. इंटेलने विंडोज ७ साठी ग्राफिक्सचे ड्रायव्हर सहाव्या पिढीपर्यंत दिले. सातवीपासून ते अधिकृतपणे थांबले, आणि २०१७ पासून मायक्रोसॉफ्टने अशा प्रोसेसरवर विंडोज ७ चे अपडेटही अडवले. लोकांनी बदललेले ड्रायव्हर मिळतात, पण ज्या मशीनवर दुसऱ्याची पोटापाण्याची कामं आहेत, तिथे मी ते वापरत नाही. म्हणून अजून लॅपटॉप घेतलेला नसेल तर चौथ्या ते सहाव्या पिढीचा, चांगला तपासलेला रीफर्बिश्ड घ्या. लॅमिंग्टन रोडला असे भरपूर दिसतात. दुकानातच बायोस (लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) उघडून लिगसी बूटचा पर्याय आहे ना, तो आतल्या डिस्कसाठीही चालतो ना, हे बघूनच पैसे द्या. काही अलीकडच्या लॅपटॉपवर लिगसी फक्त बाहेरून लावलेल्या ड्राइव्हसाठी ठेवलेलं असतं.

लिगसी नसेल तर ३२ बिटचं विंडोज ७ बसणारच नाही, कारण त्याला यूईएफआयमधून, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीने, सुरू होता येत नाही. ६४ बिटचं ७ यूईएफआयमध्ये चालतं, पण त्यालाही पडद्यासाठी सीएसएम (यूईएफआयमधली जुन्या बायोसची सोय) लागतं आणि सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) बंद करावं लागतं. दहाव्या पिढीच्या पुढचा लॅपटॉप घरात असेल तर हा मार्ग सोडा आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे चालू विंडोजच्या आत दुसरं विंडोज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ३२ बिटचं ७ बसवा. यूएसबी लॉक आतल्या विंडोजला जोडून देता येतं आणि पुष्कळ लॉक तिथे व्यवस्थित चालतात. जुनं समांतर पोर्टवालं, पंचवीस पिनांचं लॉक असेल तर मात्र यूएसबीची वायर आणून उपयोग नाही. त्या वायरी प्रिंटरपुरत्या असतात, लॉक त्यांना दाद देत नाही.

काम कधी काढायचं तेही सांगते. श्रावणात नको, तुळशीचं लग्न लागल्यावरही नको. पावतीपुस्तकं आणि पत्रिका तेव्हाच अंगावर येतात.

मूळ डिस्कला हात न लावणं सगळ्यात बरं. लॅपटॉपची मूळ एसएसडी काढून पाकिटात घालून ठेवा आणि विंडोज ७ साठी वेगळी एसएसडी घ्या. ती साटा या जुन्या जोडणीची असायला हवी. एनव्हीएमई या नव्या जोडणीच्या डिस्कचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये मुळात नाही. मायक्रोसॉफ्टने नंतर केबी २९९०९४१ नावाचा जोड दिला, पण लिगसीमध्ये बहुतेक बायोस एनव्हीएमईवरून बूटच करत नाहीत, त्यामुळे आपल्या कामाला तो पुरा पडत नाही. अडीच इंची खण असेल तर प्रश्न मिटला. एम.२ ची पट्टी घेणार असाल तर सोनेरी कडेकडे नीट बघा: दोन खाचा असतील तर ती बहुतेक साटा, एकच खाच असेल तर बहुतेक एनव्हीएमई. तरीही पाकिटावर ‘साटा’ छापलेलं वाचा, आणि लॅपटॉपचा खण साटा पट्टी घेतो का ते त्याच्या माहितीपत्रकात तपासा.

बायोसमध्ये हात घालण्याआधी एक गोष्ट. मूळ विंडोज १० किंवा ११ मध्ये बिटलॉकर (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. सिक्युअर बूट बंद केलं की पुढच्या वेळी ती की मागितली जाते आणि नसेल तर त्या डिस्कवरचं काही हाती लागत नाही. मग बायोस उघडा. डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१. सिक्युअर बूट बंद, फास्ट बूट बंद, बूट मोड लिगसी, आणि साटा मोड आरएआयडीवर असेल तर एएचसीआयवर. एएचसीआयचा ड्रायव्हर विंडोज ७ कडे स्वतःचा आहे.

विंडोज ७ बसवायची फाइल आता मायक्रोसॉफ्ट सर्वांसाठी देत नाही. जुनी मूळ डीव्हीडी शोधा, बहुतेक छापखान्यांत कपाटात असतेच. परवान्याचंही बघा: रिटेल परवाना नव्या मशीनवर नेता येतो, पीसीबरोबर आलेला ओईएम त्याच पीसीला बांधलेला असतो. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोज १० प्रोमध्ये ७ प्रोफेशनलपर्यंत खाली येण्याचा हक्क होता, पण तो मायक्रोसॉफ्टचा ७ ला आधार असेपर्यंतच, त्यामुळे आता त्यावर विसंबू नका. ‘ऑल इन वन, अ‍ॅक्टिव्हेटरसकट’ म्हणून विकले जाणारे पेनड्राइव्ह घेऊ नका. त्यात आणखी काय भरलंय हे कोणी सांगू शकत नाही, आणि या मशीनवर तुमच्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते असणार आहेत.

यूएसबीवर मात्र थोडं थांबू या, कारण बहुतेकांचा दम इथे निघतो. विंडोज ७ आलं २००९ च्या ऑक्टोबरात, त्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. पाचव्या पिढीपर्यंत इंटेलच्या चिपसेटमध्ये यूएसबी २ चा जुना कंट्रोलर शिल्लक होता, त्यामुळे काळ्या रंगाच्या पोर्टला पेनड्राइव्ह लावला की काम व्हायचं. सहाव्या पिढीत तो काढून टाकला. आता पोर्ट काळं असो की निळं, मागे कंट्रोलर एकच. म्हणून होतं असं: पेनड्राइव्हवरून सेटअप छान सुरू होतं, कारण तोवर बायोस वाचून देत असतो. ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबलं की सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर नाही असा संदेश येतो, आणि माउसही मेलेला असतो. लोक संदेश वाचून बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह विकत आणतात. तोही यूएसबीवरच लागतो, मग पुन्हा तेच.

उपाय असा की यूएसबी ३ चा ड्रायव्हर सेटअपच्या आतच आधी घालायचा. डीव्हीडीवरच्या ‘सोर्सेस’ फोल्डरमध्ये दोन फाइली आहेत, बूट.विम आणि इन्स्टॉल.विम. पहिलीतून सेटअप चालतो, दुसरी डिस्कवर उतरते. ड्रायव्हर दोन्हींत घालावा लागतो. फक्त पहिलीत घातला तर सेटअप शेवटपर्यंत जातो, रीस्टार्ट होतो, आणि नाव टाकायच्या पडद्यावर माउस पुन्हा मेलेला. बूट.विमच्या पोटात दोन प्रती असतात, त्यांतली दुसरी सेटअपची. मी दोन्हींत घालते. इन्स्टॉल.विममध्ये होम, प्रोफेशनल अशा आवृत्त्या असतात, त्यांतली आपली तेवढी घ्या. मायक्रोसॉफ्टचं डिझम हे करतं, पण कमांड लिहायची सवय नसेल तर एनटीलाइटमध्ये माउसने होतं: विम उघडा, ड्रायव्हरचं फोल्डर दाखवा, जतन करा. फोल्डर ३२ बिटचं आहे ना, हे दोनदा बघा. मग रूफस या सॉफ्टवेअरने बूट होणारा पेनड्राइव्ह बनवा. पार्टिशन एमबीआर, टार्गेट बायोस.

सेटअपमध्ये डिस्क जीपीटी (यूईएफआयसाठीची मांडणी) आहे म्हणून नकार आला तर शिफ्ट आणि एफ१० दाबून येणाऱ्या काळ्या खिडकीत डिस्कपार्ट चालवून ती डिस्क निवडून ‘क्लीन’ करा. क्लीन म्हणजे सगळं पुसणं, म्हणून डिस्कचा आकार वाचूनच नंबर टाका. पेनड्राइव्हही त्याच यादीत दिसतो. बाकी सेटअप सरळ आहे. रॅम आठ जीबी असली तरी ३२ बिटला चारच्या आतलीच वापरता येते. पेजमेकरला तेवढी पुष्कळ.

विंडोज उभं राहिलं की सर्व्हिस पॅक १ आहे ना बघा, मग चिपसेट, ग्राफिक्स, आवाज. अपडेटपैकी केबी ४४९०६२८ आणि त्यानंतर केबी ४४७४४१९ हे दोन घाला. २०१९ नंतरच्या फाइलींच्या नव्या सह्या त्याशिवाय ओळखल्या जात नाहीत. लॉक इतक्यात लावू नका. आधी त्याचा ड्रायव्हर, मग रीस्टार्ट, मग लॉक. उलट केलंत तर विंडोज त्याला चुकीच्या नावाने धरून बसतं आणि डिव्हाइस मॅनेजरमधून ते काढत बसावं लागतं.

वायफायचा ड्रायव्हर मी घालतच नाही. हे मशीन इंटरनेटवर न्यायचं नाही, यावर मी ठाम आहे. क्रोम आवृत्ती १०९ नंतर विंडोज ७ वर येत नाही, सुरक्षेचे अपडेट थांबलेत, आणि छापखान्यात दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह येत असतात. तो पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या, चालू विंडोजच्या मशीनवर तपासायचा. तिथून हवी तेवढीच फाइल आपल्या पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तोच या लॅपटॉपला लावायचा. ऑटोप्ले बंद ठेवा. काम झालं की पीडीएफ करून बाहेर न्या. नव्या प्रिंटरचे विंडोज ७ चे ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवू नका.

सगळं चालू झालं की त्याच दिवशी क्लोनझिला या सॉफ्टवेअरने पूर्ण डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) घ्या, दोन वेगळ्या ड्राइव्हवर. लॉकची मात्र प्रत निघत नाही. म्हणून ते थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावू नका. वीतभर यूएसबी एक्स्टेन्शन घ्या, टेबलाच्या मागच्या कडेला चिकटवून टाका आणि लॉक तिथे लावा. कागदाचे गठ्ठे हलवताना लॅपटॉपच्या बाजूला धक्का बसतोच.