आस्तुरियासचे डोंगर फिरायचेत? आधी मुक्कामाचं गाव ठरवा

स्पेन म्हटलं की सगळे बार्सिलोना आणि ऊन एवढंच धरून चालतात, पण उत्तरेला आस्तुरियास आहे तिथे हिरवेगार डोंगर, पाऊस, धुकं, गाई असा सगळा वेगळाच मामला आहे. पिकोस दे एउरोपा हे इथलं नॅशनल पार्क, 1918 साली झालेलं, स्पेनमधलं पहिलं. ते तीन प्रांतांत पसरलंय आणि लोक नेमके इथेच फसतात, कारण मॅपवर सगळं जवळजवळ दिसतं पण मध्ये अडीच हजार मीटरचे सुळके उभे आहेत आणि रस्ता त्यांना वळसा घालून जातो.

म्हणून पहिलं काम म्हणजे मुक्काम. माझं मत विचाराल तर आरेनास दे काब्रालेस. कांगास दे ओनिसला हॉटेलं, दुकानं जास्त आहेत, बसही सोयीची, गाडी नसेल तर तेच बरं. पण गाडी असेल तर आरेनासला एखादी कासा रुराल बघा, म्हणजे गावातलं दगडी घर, बऱ्याच ठिकाणी किचनसकट मिळतं. अजून शांत हवं असेल तर वर सोत्रेस, हजार मीटरच्या वर आहे, फक्त किराणा खालूनच भरून न्या. माद्रिदहून ट्रेनने ओविएदो गाठायचं आणि गाडी तिथे भाड्याने घ्यायची.

आता मेन गोष्ट, रुता देल कारेस. पोन्सेबोसपासून काईनपर्यंत साधारण 12 किमी, कारेस नदीच्या घळईत कड्याला कोरलेली वाट. ही मुळात ट्रेकर्ससाठी केलेलीच नाही, वीजप्रकल्पाच्या कालव्याची देखभाल करायला माणसांना जाता यावं म्हणून खोदली, म्हणून तर वाटेत मधूनमधून तो कालवा सोबत वाहताना दिसतो. सुरुवातीचा चढ दमवतो, मग बऱ्यापैकी सपाट. पण एका बाजूला सरळ दरी आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही, उंचीची भीती असेल तर खरंच विचार करून जा. काईनला पोचून जेवा आणि त्याच वाटेने परत या, कारण गाडीने वळसा घालून यायचं तर दोन तासांच्या वर जातात. म्हणजे एकूण 24 किमी, अख्खा दिवस त्यालाच द्या, सकाळी लवकर निघा आणि पाणी भरपूर ठेवा.

पाय दुखत असतील तर दुसऱ्या दिवशी बुल्नेस. या गावाला गाडीरस्ता नाही, 2001 मध्ये डोंगराच्या पोटातून फ्युनिक्युलर, म्हणजे केबलने ओढली जाणारी छोटी रेल्वे, झाली तोपर्यंत सगळं पायवाटेनेच. जाताना फ्युनिक्युलर, येताना चालत, हे बेस्ट. वर गावाच्या पुढे पिकु उर्रिएयुचा सुळका दिसतो, 2519 मीटर, अर्थात धुकं नसेल तर.

कोवादोंगाच्या एनोल आणि एर्सिना तलावांना गर्दीच्या दिवसांत खासगी गाडी सोडत नाहीत, कांगासहून बस घ्यावी लागते. पहिली बस पकडा. जून किंवा सप्टेंबर बरा, ऑगस्टमध्ये अख्खा स्पेन तिथे असतो.

खाणं. दुपारचं जेवण 2 ते 4, रात्री 9 च्या आधी किचन उघडेल ही आशा सोडा. दुपारी मेनू देल दिया, म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण, मागा, स्वस्तात पोटभर होतं. फाबादा म्हणजे टपोऱ्या पांढऱ्या घेवड्याचं दाट कालवण, पण त्यात चोरिसो, मोर्सिया असं डुकराचं मांस असतं, शाकाहारी मंडळींनी नुसतं बीन्स समजून मागवू नका. काचोपो दोघांत एकच घ्या, हॅम-चीज भरून तळलेला तो मांसाचा तुकडा ताटाबाहेर येतो. काब्रालेस चीज मात्र चाखाच, गुहांमध्ये मुरवतात, निळी बुरशी, वास जबरी, जिभेला झणझणतं.

आणि सिद्रा, सफरचंदाची दारू. वेटर बाटली डोक्यावर धरतो, ग्लास खाली कमरेजवळ तिरका, आणि धार बरोबर ग्लासच्या काठावर आपटते, त्याने फेस येतो. जेमतेम दोन घोट ओततात, ते लगेच एका दमात प्यायचे, तळाशी थोडी ठेवून ग्लासचा काठ धुवायला ओतून टाकायची. फोटो काढत बसलात तर फेस बसतो आणि वेटर तोंड वाकडं करतो. सिद्राच्या रात्री गाडी घरीच ठेवा, सोत्रेसचा रस्ता वळणांचा आहे.